आधीच भरलेला रकाना

दर वर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत निरोपसमारंभांची गर्दी असते. एका पिढीतल्या कितीतरी लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. पोराला शाळेत घालायला आलेल्या आईला तारीख ठाऊक नसायची. पोळ्याच्या आसपास झाला, त्या साली पाऊस फार होता, एवढं ती सांगायची. गुरुजींपुढच्या दाखलखारीज रजिस्टरात मात्र जन्मतारखेचा रकाना होता आणि तो मोकळा ठेवून चालत नव्हतं. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा मुलाला सहा वर्षं पूर्ण झालेली दिसायला हवीत. मग गुरुजी १ जून लिहायचे आणि पुढच्या मुलाकडे वळायचे. माझ्या वडिलांची तारीखही हीच आहे.

गुरुजींनी जे केलं, त्याला आज आम्ही प्रोग्रामर मंडळी डिफॉल्ट म्हणतो. उत्तर मिळालं नाही तर काय धरून चालायचं, ते आधीच ठरवून ठेवणं. यात वाईट काही नाही, त्यामुळे मुलं शाळेत बसली. पण आज ते रजिस्टर उघडलं, तर खरोखर १ जूनला जन्मलेला मुलगा कोणता आणि गुरुजींनी तारीख दिलेला कोणता, हे शाईवरून ओळखता येत नाही. वेब फॉर्ममध्ये एखादा रकाना आधीच भरून ठेवताना मला हे रजिस्टर आठवतं. त्यात काय भरायचं हा प्रश्न सोपा असतो. ते कुठल्या ठिकाणी भरून ठेवायचं, हा प्रश्न अवघड, कारण त्यावरून त्या माहितीची जबाबदारी कोणाची ते ठरतं.

मी जँगो नावाच्या वेब फ्रेमवर्कमध्ये काम करतो. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा: लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी बोलणं ही नेहमीची कामं त्यात आधीच केलेली असतात. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. २००३ मध्ये तिथे एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी वृत्तपत्राच्या वेबसाइटसाठी हे काम सुरू केलं आणि २००५ च्या जुलैमध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. नाव ठेवलं ते जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाचं. बातमीदारांना आणि संपादकांना प्रोग्रामरची वाट न पाहता मजकूर भरता यावा, ही तिथली रोजची गरज होती. त्या गरजेतून ‘ॲडमिन’ आलं. तुम्ही फक्त सांगायचं की पुस्तकाला नाव असतं, लेखक असतो, किंमत असते, की जँगो स्वतःहून भरायचे फॉर्म, यादी आणि शोधायची सोय तयार करून देतं.

त्या कचेरीची एक खूण जँगोत अजून शिल्लक आहे. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये तुम्ही वेळक्षेत्र सांगितलंच नाही, तर जँगो शिकागोची वेळ धरतं, कारण लॉरेन्सचं घड्याळ शिकागोबरोबर चालतं. नवा प्रकल्प सुरू केला की त्याच्या फाइलमध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहून येतं, पण मुळातला डिफॉल्ट जुने प्रकल्प बिघडू नयेत म्हणून तसाच ठेवला आहे. एका गावाच्या सोयीने भरलेला रकाना जगभर पोहोचला आणि मग काढता येईना. डिफॉल्टचा स्वभाव समजून घ्यायला मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

आता माझं स्वतःचं काम सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथल्या दाखल नोंदवहीचं काम मी जँगोच्या ॲडमिनवर आणून दिलं. रकाने नेहमीचेच: दाखल क्रमांक, दाखल दिनांक, ग्रंथनाम, लेखक, भाषा, किंमत, पुस्तक कुठून आलं, नोंद कोणी केली. ग्रंथपालबाई दुपारच्या वेळी बसून नोंदी करतात. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला सांगितलं, “दादा, प्रत्येक पुस्तकाला तीच तारीख, तीच भाषा परत परत टाकायची, हात दुखतो हो. काही तरी करा ना.” मागणी अगदी रास्त होती.

आधीच भरून ठेवायच्या जागा जँगोत मुख्यतः दोन आहेत आणि नवखा माणूस हमखास त्यांची गल्लत करतो. पहिली जागा मॉडेलमधली, म्हणजे नोंदवहीच्या आखणीतच. तिला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. नोंद फॉर्ममधून येवो की एखाद्या स्क्रिप्टमधून, जँगोने नवी नोंद बनवली आणि तो रकाना कोणी दिलाच नाही, की डिफॉल्ट लागू होतो. दुसरी जागा फॉर्ममधली, तिचं नाव ‘इनिशियल’. हा फक्त कोरा फॉर्म समोर येताना दिसणारा मजकूर आहे. भरणाऱ्याने तो खोडला आणि रकाना मोकळा पाठवला, तर जँगो मोकळाच घेतं, इनिशियल परत आणून बसवत नाही. डिफॉल्टसुद्धा अशा वेळी मध्ये पडत नाही. रकाना फॉर्मवर नसणं वेगळं आणि तो फॉर्मवर असून कोणी मुद्दाम मोकळा ठेवणं वेगळं, हा भेद जँगो पाळतं. गुरुजींच्या रजिस्टरात नेमका हाच भेद नव्हता.

तारखेपासून सुरुवात केली. दाखल दिनांकाला आजची तारीख डिफॉल्ट द्यायची, एका ओळीचं काम. पण या ओळीत एक कंस असतो आणि तो भल्याभल्यांना फसवतो. जँगो ज्या भाषेत लिहिलंय त्या पायथनमध्ये ‘टुडे’ हे फंक्शनचं नाव आहे. नुसतं नाव दिलं, तर तुम्ही जँगोला सांगता: नोंद करायची वेळ आली की घड्याळाकडे बघ. नावापुढे उघडा आणि बंद असे दोन कंस लावले, तर ते फंक्शन तिथल्या तिथे चालतं, म्हणजे सर्व्हर सुरू होऊन ती फाइल वाचली गेली त्या क्षणी. तुम्ही घड्याळ देण्याऐवजी घड्याळात बघून चिठ्ठीवर लिहिलेली वेळ देता. सोमवारी सर्व्हर सुरू झाला, तर गुरुवारी आलेल्या पुस्तकावरही सोमवारचीच तारीख पडते. प्रोग्रामरला हे दिसत नाही, कारण त्याच्या लॅपटॉपवर सर्व्हर दिवसातून दहादा बंद-चालू होतो आणि तारीख नेहमी बरोबर येते. चूक उघडी पडते ती खऱ्या वापरात, आठवड्याने. जँगोची तपासणी आज्ञा चालवली तर डब्ल्यू १६१ क्रमांकाची सूचना नेमकं हेच सांगते. ती सूचना वाचायची सवय लावून घ्यावी.

कंस काढला तरी घड्याळ कुठलं, हा प्रश्न उरतोच. सेटिंग यूटीसीवर सोडलं, तर पहाटे साडेपाचपर्यंत भारतात कालचीच तारीख मिळते. वाचनालय तेव्हा बंद असतं, पण रात्री उशिरा घरून नोंदी करणारा कोणीतरी असतोच. एशिया-कोलकाता हे वेळक्षेत्र लिहावं आणि आजच्या तारखेसाठी जँगोच्या टाइमझोन भागातलं ‘लोकलडेट’ वापरावं. तेही कंसाशिवाय.

दुसरी मागणी पुस्तक कुठून आलं याची. कोणी दिलेली भेट, दुकानातून खरेदी, किंवा कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेले संच. एका दिवशी एकाच प्रकारची पुस्तकं चढवायची असतात, उद्या दुसऱ्या. इथे कायमचा डिफॉल्ट चुकीचा, कारण उत्तर दिवसागणिक बदलतं. ॲडमिनमध्ये यासाठी एक सोय सुरुवातीपासून आहे आणि फार कमी लोक ती वापरतात. नवी नोंद करायच्या पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, मग रकान्याचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि त्यात भरायची किंमत, म्हणजे व्हॅल्यू, लिहायची. पान उघडतं तेव्हा तो रकाना भरलेला असतो. प्रकाशकासारखा दुसऱ्या तक्त्याशी जोडलेला रकाना असेल तर तिथे प्रकाशकाचा क्रमांक द्यायचा, आणि एकापेक्षा जास्त विषय लावायचे असतील तर त्यांचे क्रमांक स्वल्पविराम देऊन. मी बाईंच्या ब्राउजरमध्ये तीन बुकमार्क करून दिले: भेट, खरेदी, प्रतिष्ठान. नोंदींना बसताना त्या ठरवतात आज कुठला गठ्ठा घ्यायचा आणि तो बुकमार्क दाबतात. प्रोग्रामची एक ओळही लिहावी लागली नाही, आणि उत्तर कोणतं हे ठरवणारा माणूस पुस्तकाजवळच बसलेला आहे.

पत्त्यातली ही माहिती उचलून फॉर्ममध्ये ठेवायचं काम ज्या फंक्शनचं आहे, त्याचं नाव लांबलचक आहे: गेट, चेंजफॉर्म, इनिशियल, डेटा हे चार शब्द अंडरस्कोरने जोडून झालेलं. २०१४ च्या १.७ आवृत्तीपासून ते आपल्याला स्वतःच्या पद्धतीने लिहिता येतं. लॉगिन कोणी केलंय हे त्याला कळतं, त्यामुळे शाखेप्रमाणे, माणसाप्रमाणे फॉर्म भरून देता येतो. मात्र हे फंक्शन स्वतः लिहिताना मूळच्या फंक्शनला आधी हाक मारायची आणि त्याने दिलेल्या यादीत आपली भर घालायची. ते विसरलं, तर पत्ता वाचणारंच कोणी उरत नाही, आणि बाईंचे तिन्ही बुकमार्क एका रात्रीत निकामी होतात. एरर येत नाही, पान नीट उघडतं, फक्त रकाने मोकळे दिसतात. या फंक्शनने दिलेली किंमत आणि मॉडेलचा डिफॉल्ट यांत वेगळेपण असेल, तर फॉर्मवर फंक्शनची किंमत दिसते. आणि हे सगळं नव्या नोंदीच्या पानापुरतंच आहे. जुनी नोंद दुरुस्तीला उघडली की तिथे तिची स्वतःचीच माहिती दिसते, आणि तसंच हवं.

नोंद कोणी केली, या रकान्याला मी इनिशियल दिला नाही. लॉगिन केलेल्या माणसाचं नाव फॉर्मवर भरून दिसणं छान वाटतं, पण जे फॉर्मवर आहे ते बदलता येतं. मग पुष्कळ जण तो रकाना फक्त-वाचण्याचा करतात, आणि अडकतात: फक्त-वाचण्याचा रकाना फॉर्मचा भागच नसतो, त्यामुळे दिलेला इनिशियल तिथे दिसतही नाही आणि साठवलाही जात नाही. योग्य जागा आहे ‘सेव्ह मॉडेल’ हे फंक्शन, जे नोंद साठवायच्या क्षणी चालतं. नोंद नवी असेल तर तिथे लॉगिनवरून नाव लावायचं, फॉर्मवर विचारायचंच नाही. जे यंत्राला पक्कं माहीत आहे, त्यासाठी माणसाला सही करायला लावू नये.

प्रतींच्या बाबतीत एक गोष्ट आम्हाला आठवडाभर कळत नव्हती. एका ग्रंथाच्या दोन-तीन प्रती असतात, म्हणून ग्रंथाच्या पानाखालीच प्रतींच्या ओळी भरायची सोय केली होती. जँगोत याला इनलाइन म्हणतात. प्रत्येक ओळीत दिनांक आजचा, स्थिती ‘उपलब्ध’, दोन्ही आधीच भरलेलं. बाई म्हणाल्या, “सगळं बरोबरच होतं, म्हणून मी काही हात लावला नाही आणि सेव्ह केलं. प्रत आलीच नाही.” कारण असं: खाली दाखवलेल्या जादा ओळी लोकांनी भरल्याच पाहिजेत असं नसतं, म्हणून जँगो प्रत्येक ओळ तपासतं की दाखवली होती त्यापेक्षा काही बदललं का. बदल नसेल तर ओळ वापरलीच नाही असं धरून सोडून देतं. आम्ही इतकं नीट भरून ठेवलं होतं की बदलायला काही उरलंच नव्हतं. आता प्रतीचा दाखल क्रमांक मोकळा ठेवला आहे आणि तो भरला की ओळ जिवंत होते.

याच तपासणीसाठी जँगो आणखी एक काळजी घेतं. डिफॉल्ट म्हणून फंक्शन दिलेलं असेल, तर पान दाखवताना निघालेली किंमत आणि सेव्ह करताना निघणारी किंमत वेगळी असू शकते. रात्री ११:५८ ला उघडलेलं पान १२:०२ ला सेव्ह केलं, तर ‘आज’ बदललेला असतो, आणि कोणी हात न लावलेली ओळही बदललेली वाटेल. म्हणून अशा रकान्याशेजारी जँगो एक लपलेला रकाना ठेवतं, पान दाखवलं तेव्हाची किंमत त्यात असते, आणि तुलना तिच्याशी होते. इतका बारीक विचार कोणीतरी केला आहे, याचं मला अजून कौतुक वाटतं.

तेवढं कौतुक आपल्या भाषेच्या वाट्याला मात्र आलेलं नाही. शीर्षक टाइप करताना त्यावरून पानाच्या पत्त्यासाठीचा छोटा मजकूर, म्हणजे स्लग, आपोआप भरायची सोय ॲडमिनमध्ये आहे. ‘प्रीपॉप्युलेटेड फील्ड्स’ म्हणतात तिला आणि ती ब्राउजरमध्येच चालते. इंग्रजी शीर्षकाला ती उत्तम. मराठी शीर्षक दिलं तर रकाना कोराच राहतो, कारण देवनागरी अक्षरं गाळली जातात. युनिकोडला परवानगी द्यायचं सेटिंग लावलं की अक्षरं येतात, पण नियम फक्त ‘अक्षर’ आणि ‘अंक’ या वर्गांना आत घेतो, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांचा वर्ग युनिकोडमध्ये वेगळा आहे. त्यामुळे ‘कविता’चं ‘कवत’ होतं, ‘महाराष्ट्र’चं ‘महरषटर’. आम्ही स्लगचा रकाना काढून टाकला आणि पत्त्यात दाखल क्रमांक वापरला. मराठी शीर्षकाचा मराठी पत्ता ज्यांना हवा, त्यांनी स्वतःचा नियम लिहावा, आणि हे काम कोणीतरी मूळ जँगोत नेऊन पोहोचवावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता भाषेचा रकाना. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इथे चूक माझी आहे. जुनी पुस्तकं एक्सेलच्या तक्त्यातून आणली, त्यात भाषेचा स्तंभ नव्हता. मग मॉडेलमध्ये भाषा हा नवा सक्तीचा रकाना घातला. अशा वेळी जँगो थांबतं आणि विचारतं: तक्त्यात आधीच्या नोंदी आहेत, त्यांच्या या रकान्यात काय लिहू? दोन वाटा देतं. एकदाच वापरायची किंमत आत्ता सांग, नाहीतर बाहेर पड आणि मॉडेल सुधारून ये. गुरुजींसमोर मुलांची रांग असायची तसा माझ्यासमोर कामाचा शेवटचा दिवस होता. मी ‘मराठी’ टाइप केलं. हजारो पुस्तकं एका फटक्यात मराठी झाली. शिवाय बाईंच्या हाताला आराम म्हणून तोच डिफॉल्ट पुढच्यासाठीही ठेवून दिला.

दुसऱ्या निर्णयाचा परिणाम मला ठाऊक नव्हता. सक्तीच्या पर्यायांच्या रकान्याला डिफॉल्ट नसेल, तर ड्रॉपडाउनच्या डोक्यावर नऊ आडव्या रेघांची एक ओळ असते. तिचा अर्थ, अजून काही निवडलेलं नाही. ती तशीच ठेवून सेव्ह होत नाही. डिफॉल्ट दिला की जँगो ती रेघांची ओळच काढून टाकतं, आता तिची गरज नाही असं धरून. म्हणजे आमच्या फॉर्मवर ‘अजून पाहिलं नाही’ म्हणायची जागाच उरली नव्हती. हिंदी कादंबऱ्या, एका सभासदाने दिलेली कोंकणी पुस्तकं, संस्कृतचे जुने ग्रंथ, सगळे मराठीच्या यादीत जाऊन बसले. कोणीतरी कोंकणी पुस्तकांची यादी मागितली, तेव्हा एकही निघालं नाही, आणि बाई म्हणाल्या, “असं कसं, मी स्वतः कपाटात लावलीत.”

पुस्तकाच्या किमतीचंही तेच होणार होतं. भेट आलेल्या पुस्तकांसाठी मी शून्य डिफॉल्ट ठेवायला निघालो होतो. पण शून्य रुपये किंमत आणि किंमत माहीत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संग्रहाचं एकूण मूल्य काढताना तो फरक लागतो. तो रकाना आता मोकळा राहू शकतो, डेटाबेसमध्ये ‘नल’ म्हणून. सरासरी काढताना डेटाबेस नल धरत नाही, शून्य मात्र धरतो.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून डिफॉल्ट थेट डेटाबेसच्या तक्त्यावरही लिहिता येतो. त्याआधी तो फक्त पायथनकडे असायचा, आणि कोणी जँगोला वगळून परस्पर डेटाबेसमध्ये नोंद घातली तर तिला तो मिळायचा नाही. ही सोय चांगली आहे. मी ती नोंदीच्या वेळेसाठी वापरतो. भाषेसाठी वापरणार नाही.

भाषेचा डिफॉल्ट काढला. नऊ रेघांची ओळ परत आली. बाईंना प्रत्येक पुस्तकाला एक क्लिक जास्त पडते, आणि मराठीसाठी ‘म’ दाबला की पर्याय येतो हे कळल्यावर त्यांची तक्रारही राहिली नाही. पर्यायांत ‘तपासायची आहे’ असा एक नवा घातला आणि मी सरसकट मराठी केलेल्या सगळ्या जुन्या नोंदी त्यात टाकल्या. त्यांतली खरी मराठी कोणती, हे डेटाबेस सांगू शकत नाही. त्यासाठी पुस्तक हातात घेऊन उघडावं लागतं. रविवारी दुपारी वाचनालय वाचकांना बंद असतं, तेव्हा बाई, त्यांची भाची आणि मी बसतो. भाची पुस्तक काढून भाषा सांगते, बाई क्रमांक वाचतात, मी निवडतो. परवा तिसरं कपाट सुरू केलं, आणि कोंकणी पुस्तकं त्याच्या खालच्या फळीवर सापडली.